पोलीस प्रशिक्षणात नीतिमत्ता, ताण आणि समाजभान: निर्देशकांसाठी टप्प्याटप्प्याने

हा विषय बिघडतो तो वेळापत्रकातच. नीतिमत्तेचे एक व्याख्यान, ताणतणावाचे एक, समाजातील विविध घटकांवर एक. तिन्ही दुपारच्या जेवणानंतर, तिन्ही वेगळ्या पाहुण्यांची, शेवटी आभार आणि गटफोटो. पहाटे मैदानावर उतरलेली मुले-मुली त्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतात. पुढे ठाण्यात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगते, "याला सकाळपर्यंत बसवून ठेव, डायरीला घेऊ नको," म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत लिहू नको. तेव्हा त्या तीन तासांतले काहीच हाताशी येत नाही.

ठाण्यात या तीन गोष्टी कधी वेगवेगळ्या येत नाहीत. रात्रीचे दोन, सतरा-अठरा तास जागा असलेला शिपाई, त्याची भाषा न बोलणारा समोरचा माणूस आणि डायरीचे कोरे पान असे सगळे एकदमच उभे राहते. म्हणून शिकवण्याचा क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग नोंद, मग माणूस आणि शेवटी तिन्ही एकत्र. बहुतेक केंद्रे नीतिमत्तेपासून सुरुवात करतात. दमलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हे ओळखता येत नसेल, तर त्याला तत्त्वे सांगून फारसे साधत नाही.

पुढील आखणी नवप्रविष्ट पोलीस शिपायांसाठी आहे. उपनिरीक्षकांच्या सत्रासाठी क्रम तोच ठेवा, फक्त नोंदींचा भाग वाढवा.

## पूर्वतयारी

एका गटात ३० पेक्षा जास्त प्रशिक्षणार्थी नकोत. ९० मिनिटांच्या १२ तासिका सहा आठवड्यांत बसवा: ताणासाठी ३, नोंदींसाठी ५, समाजभानासाठी ३ आणि रात्रीच्या सरावानंतरच्या चर्चेसाठी १. सुरुवात दुसऱ्या महिन्यात करा. शेवटचा महिना परीक्षा आणि दीक्षान्त संचलनाच्या तालमीत जातो, तेव्हा यातले काही होत नाही.

वर्गात हे आधीच आणून ठेवा:

- स्टेशन डायरी, अटक पंचनामा, नातेवाइकाला अटकेची माहिती दिल्याचा नमुना, वैद्यकीय तपासणीची यादी (म्हणजे दवाखान्याला द्यायचे पत्र) आणि मुद्देमाल पावती. सगळे कोरे नमुने, प्रत्येकी दोन प्रती.
- ठाणे अंमलदाराचे (ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्याचे) टेबल, समोर एकच खुर्ची, सगळ्यांना दिसेल असे भिंतीवरचे घड्याळ.
- आवाज टिपायला एक मोबाइल. चित्रीकरण नको, कॅमेरा लावला की मुले नाटक करतात.
- जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांशी आधीच झालेले बोलणे. कुणाला पाठवायचे, कोणत्या वारी, कुणाच्या परवानगीने, हे पहिल्या तासिकेपूर्वी ठरलेले हवे.

तपासून घ्या: तुमच्या टिपणांत अजून "४१ अ ची नोटीस" (अटक न करता चौकशीला हजर राहायला सांगणारी) आहे का? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि ती नोटीस आता कलम ३५(३) खाली दिली जाते. जुने कलम शिकलेला शिपाई पहिल्याच कागदावर चुकतो, आणि हसतात त्यालाच.

## टप्पा १: आधी निर्देशकांची बैठक

आंतरवर्गाचे (वर्गातले) आणि बाह्यवर्गाचे (मैदानावरचे) निर्देशक एकत्र बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्गात मानवी प्रतिष्ठेवर तासिका झाली आणि तासाभराने मैदानावर पाय चुकला म्हणून कुणाच्या गावावरून, जातीवरून किंवा आईवरून शिवी पडली, तर मुले मैदानावरचे शिकतात. जो आवाज रोज चार तास कानात असतो, तोच पुढे ठाण्यात तोंडातून निघतो.

बैठकीत तीन गोष्टी लेखी ठरवा. शिक्षा शारीरिक कवायतीची असेल, टर उडवणारी नसेल. आडनाव पुकारताना त्यावर शेरा मारायचा नाही. आणि निर्देशकानेच हे मोडले, तर त्याला कोण टोकणार आणि कधी. तिसरा मुद्दा नेहमी गाळला जातो आणि त्यामुळे पहिले दोन कागदावरच राहतात.

## टप्पा २: शरीर (तासिका १ ते ३)

तासिका १, झोप. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात सुमारे ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा आणि मग विचारा: दिवसपाळी करून बंदोबस्ताला थांबलेला शिपाई रात्री अकराला कोणत्या अवस्थेत नाकाबंदीवर उभा असतो? बाकीची तासिका रात्रपाळीच्या आखणीसाठी ठेवा. चहातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपण्याआधीच्या सहा तासांत चहा नको. सुटल्यावर खोली काळोखी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पाळीत संधी मिळाली तर डुलकी २० मिनिटांची. त्याहून लांबली की उठल्यावर डोके जड राहते.

बंदोबस्ताचा एक मुद्दा इथेच घ्या. स्वच्छतागृह नसते म्हणून महिला शिपाई दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून डोकेदुखी, चिडचिड, मूत्रमार्गाचा संसर्ग. बंदोबस्ताचा नकाशा काढायला शिकवताना प्रत्येक पॉइंटपासून जवळचे स्वच्छतागृह कुठे, हे त्यावर लिहून घ्या. लिहिले नसेल तर नकाशा अपुरा धरा.

तासिका २, श्वास. ही मैदानावर घ्या. ८०० मीटर पळाल्यावर सगळ्यांनी ३० सेकंद नाडी मोजून दुप्पट करायची. मग अर्धा गट नुसता बसेल, अर्धा गट तीन मिनिटे असा श्वास घेईल: चार अंकांत आत, चार धरून, चार अंकांत बाहेर, चार थांबून. पुन्हा नाडी मोजा, मग गट बदला. स्वतःच्या मनगटावरचा आकडा पाहिला की "हे योगाचे काहीतरी" हा शेरा आपोआप थांबतो. याची दोन आवर्तने साधारण अर्ध्या मिनिटात होतात. गाडीतून उतरण्यापूर्वी किंवा लॉकअपचे दार उघडण्यापूर्वी तेवढा वेळ असतो.

तासिका ३, धोक्याच्या खुणा. एकट्याने पिणे, रजा नाकारल्यानंतरची गप्पगप्प अवस्था, वस्तू वाटून टाकणे, "आता सुटतो सगळ्यातून" अशी भाषा, खूप अस्वस्थ असलेल्या माणसाची एकाएकी आलेली शांती. सोबत्याने थेट विचारायचे: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडायचे नाही, शस्त्रासह गार्ड ड्युटी गाजावाजा न करता बदलायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिथेच साठवून घ्या.

सावधान: एखाद्या भीषण अपघातानंतर किंवा सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर सगळ्यांना गोल बसवून "काय पाहिले ते एकेकाने सांगा" असे करू नका. सक्तीच्या अशा सत्रांची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. कोण हलला आहे ते पाहा, बोलायचे असेल त्याचे ऐका, गरज असेल त्याला घर, रजा किंवा डॉक्टरांशी जोडून द्या. आणि या तासिकेत कुणी काय सांगितले, त्यातले काहीही सेवापुस्तकाच्या वाटेला जाता कामा नये. एकदा गेले की पुढच्या तुकडीतला एकही तोंड उघडणार नाही.

## टप्पा ३: नोंद (तासिका ४ ते ८)

नीतिमत्ता इथे शिकवायची, आणि ती कागदावर. लाच घेऊ नये हे प्रत्येकाला पाठ असते. घसरण सुरू होते ती डायरीत वीस मिनिटे मागेपुढे टाकण्यापासून.

१. 'बसवून ठेवणे'. दोन तासिका फक्त यावर द्या. अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे, त्यातून फक्त न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वजा होतो. हे उत्तर सगळे बरोबर देतात. मग विचारा: घड्याळ कधी सुरू झाले? अर्ध्याहून अधिक हात "अटक दाखवली तेव्हा" यावर वर होतील. हीच चूक. माणसाला उठून जायची मोकळीक संपली, त्या क्षणापासून तो ताब्यात आहे. 'अटक दाखवली' हा वाक्प्रयोगच वर्गात बंद करा. त्या 'दाखवणे' शब्दात सगळा घोटाळा आहे.

सराव असा: एका काल्पनिक घटनेच्या सहा वेळा द्या (वस्तीवरून उचलले, गाडीत बसवले, ठाण्यात आणले, चौकशी सुरू, घरच्यांना फोन, पंचनामा) आणि प्रत्येकाने डायरीच्या नोंदी लिहायच्या. नंतर दुसरा कागद वाटा: त्याच रात्रीच्या ठाण्यातील सीसीटीव्हीच्या वेळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांपर्यंतचे चित्रण जपण्याचा आदेश दिला आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुणाची नोंद न्यायालयात टिकणार नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

२. अटकेचा कागद, क्रमाने. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातली अटकेबाबतची तत्त्वे आता बऱ्याच अंशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहेत. हा क्रम हाताने करून घ्या:

1. गणवेशावर स्पष्ट वाचता येईल अशी नावपट्टी.
2. अटकेचे कारण त्याला कळेल अशा भाषेत सांगणे.
3. पंचनाम्यावर किमान एक साक्षीदार, कुटुंबातला किंवा परिसरातला प्रतिष्ठित. नेहमीचा ठरलेला पंच नाही.
4. अटक केलेल्याची सही, तारीख आणि वेळ.
5. तो सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला खबर, आणि ती कुणाला, किती वाजता दिली याची नोंद.
6. वैद्यकीय तपासणी. अंगावरच्या जुन्या-नव्या जखमा यादीत लिहून.

यात पाचवा मुद्दा सर्वाधिक चुकतो. "नातेवाइकांना कळवले" एवढेच लिहिले जाते. नाव, नाते, क्रमांक आणि वेळ नसेल तर ती नोंद कोरीच आहे.

अपवादही पाठ हवेत. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि व्यक्ती साठीच्या पुढची किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही. सूर्यास्त ते सूर्योदय महिलेला अटक नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. साक्षीदार म्हणून महिलेला, १५ वर्षांखालील किंवा साठीवरील पुरुषाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात बोलावायचे नाही, घरी जायचे. स्वतःहून यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.

३. हद्द आणि 'एनसी' (अदखलपात्र नोंद). "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ऐकू आले की तिथेच सराव थांबवा. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते) खबर कुठल्याही हद्दीतली असो, घ्यायची, शून्य क्रमांकाने नोंदवायची, प्रत फुकट द्यायची आणि मग वर्ग करायची. दखलपात्र मारहाण अदखलपात्र म्हणून लिहून आकडे कमी ठेवायची सवय प्रशिक्षणात लागत नाही हे खरे, पण ती ओळखायची सवय मात्र इथेच लावता येते.

४. वरिष्ठाला 'नाही' म्हणणे. शिस्तीच्या दलात शिपाई साहेबांना तोंडावर नकार देईल अशी अपेक्षा धरून शिकवू नका, ते व्याख्यानातच छान वाटते. त्याऐवजी प्रश्न द्या. "साहेब, डायरीला वेळ आत्ताचीच टाकू ना?" "साहेब, कुठल्या गुन्ह्यात दाखवू?" "मेडिकलची यादी करून ठेवतो, पाठवू का?" स्वर नम्र, पण निर्णय ज्याचा त्याच्याकडे परत. पुष्कळदा एवढ्यावर तोंडी आदेश विरघळतो. नाही विरघळला तर आदेश, वेळ आणि नाव डायरीत. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि "साहेबांनी सांगितले" हा त्यावर बचाव नाही. शिवाय पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. म्हणजे हात उगारून हाती काय आले, तर स्वतःवरचा गुन्हा.

५. सोबत्याला रोखणे. हात उगारलेल्या सोबत्यापुढे भाषण उपयोगाचे नाही. खांद्यावर हात, नावाने हाक, आणि बाहेर जायला सन्मानाचे निमित्त: "राहू दे, मी बघतो. तुझा फोन आलाय बाहेर." जोड्या लावून प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा करून घ्या. लाठीच्या कवायतीसारखाच हाही हाताचा सराव आहे.

तपासून घ्या: आठव्या तासिकेच्या शेवटी कोणताही प्रशिक्षणार्थी २० मिनिटांत अटकेचे सगळे कागद टिपण न पाहता भरू शकतो का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: माणूस (तासिका ९ ते ११)

इथली मोठी चूक म्हणजे समाजांची यादी: अमुक समाज असा, तमुक तसा. अशी यादी पाठ केलेला शिपाई पूर्वग्रह अधिकृत करून घेऊन जातो. यादीऐवजी तीन सवयी लावा.

बोलण्याची सवय. टेबलापुढच्या दहा प्रसंगांचा आवाज टिपा. येणारा कधी इस्त्रीच्या शर्टातला, कधी मळक्या धोतरातला. मग ध्वनिफीत लावून गटाकडून 'तू' आणि 'तुम्ही' मोजून घ्या. अहो-जाहो कुठे संपले आणि अरे-तुरे कुठे सुरू झाले, हे आकड्यांत समोर आले की कुणी वाद घालत नाही. नियम सरळ ठेवा: फिर्यादी असो वा आरोपी, प्रौढ माणसाला 'तुम्ही'.

भाषा विचारण्याची सवय. नंदुरबारला भिली आणि पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरला वारली. मराठीत "हो" म्हणणारा प्रत्येक जण समजून हो म्हणत नाही. म्हणून "समजले का?" विचारू नका, "काय समजले ते सांगा" म्हणा. दुभाषा नेमताना तो समोरच्या पक्षाचा, सावकाराचा किंवा गावातल्या वजनदार माणसाचा नाही ना, हे आधी पाहा. जबाब वाचून दाखवला आणि कोणत्या भाषेत दाखवला, हे त्यातच लिहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या फिर्यादीत तर सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे हे कर्तव्यच आहे, आणि त्यात कसूर करणे हा गुन्हा.

संशयाचे कारण लिहिण्याची सवय. पारधी समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली गाडी अजून पालांकडेच वळते. सरावात प्रत्येक संशयितापुढे एक ओळ लिहायला लावा: "याच्यावर संशय का?" उत्तरात समाज, वस्ती किंवा 'रेकॉर्डवरचा' एवढेच असेल तर तो संशय नव्हे.

एक तासिका राईनपाड्यावर घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. गटाला प्रश्न एकच: बीट अंमलदार (नेमून दिलेल्या गावांचा पोलीस) म्हणून घटनेच्या आठवडाभर आधी तुम्ही काय केले असते? बीटमध्ये आलेल्या भटक्या कुटुंबांची ओळख, गावच्या पोलीस पाटलाला आणि सरपंचाला ती माणसे कोण आहेत हे सांगणे, मोबाइलवरच्या अफवेवर त्याच दिवशी आठवडी बाजारात ध्वनिक्षेपकावरून खुलासा. उत्तरे अशी नेमकी येईपर्यंत चर्चा चालू ठेवा. "जनजागृती करू" हे उत्तर घेऊ नका.

बाकीचे थोडक्यात. मृतदेह ताब्यात द्यायला वेळ लागणार असेल तर किती वाजेपर्यंत, हे घरच्यांना सांगा. ज्यांच्यात दफन लवकर करतात त्यांचा अर्धा राग अनिश्चिततेचा असतो. बुरख्यातील महिलेची ओळख महिला शिपाई आडोशाला पटवेल. तृतीयपंथी व्यक्तीला नाव आणि संबोधन विचारून घ्या. देवळात, दर्ग्यात पंचनामा असेल तर बूट कुठे काढायचे हे आधी विचारा, आत गेल्यावर नाही.

## टप्पा ५: रात्रीचा सराव

दिवसभराच्या बाह्यवर्गानंतर, पूर्वसूचना न देता, रात्री दोनला सहा जणांना उठवा: ठाणे अंमलदार, मदतनीस, लॉकअप गार्ड, महिला शिपाई आणि दोन बीट मार्शल (हद्दीत गस्त घालणारे). पाळी ४५ मिनिटांची. घटना या वेळांनी सोडा:

- ०० मिनिट: बीट मार्शल 'फिरताना दिसला' म्हणून १९ वर्षांच्या पारधी तरुणाला आणतात. गुन्हा कुठलाही नाही.
- १० मिनिट: नवऱ्याने डोके फोडलेली महिला येते. घर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत.
- २० मिनिट: फोन. "सकाळपर्यंत बसवून ठेवा, डायरीला घेऊ नका."
- ३० मिनिट: तरुणाची आई. मराठी तुटक.
- ४० मिनिट: परिसरातला 'ओळखीचा' माणूस, हातात चहाची किटली आणि पाकीट.

निरीक्षक दोन. दोघांकडे हो-नाहीचा दहा प्रश्नांचा कागद: नावपट्टी होती का, तरुण आल्याची खरी वेळ लिहिली का, ठोस कारण नसल्याने त्याचे नाव-पत्ता घेऊन सोडले का, त्याची नोंद झाली का, जखमी महिलेला आधी दवाखान्याची यादी दिली का, शून्य क्रमांक टाकला का, फोन डायरीत आला का, आईला बसायला खुर्ची मिळाली का, 'तुम्ही' टिकले का, पाकीट परत गेले का. "वागणूक चांगली होती" असा रकाना ठेवू नका, त्यात मैत्री मोजली जाते.

सावधान: आईची आणि तरुणाची भूमिका प्रशिक्षणार्थींना देऊ नका. ते हमखास नक्कल करतात आणि बराक हसते. त्या समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना बोलवा, मानधन द्या आणि संवाद त्यांनाच ठरवू द्या.

चर्चा रात्री तीनला नको. झोपू द्या, सकाळी अकराला बसा. आधी प्रत्येकाने स्वतःची नोंद वाचायची, मग निरीक्षकांचा कागद, निर्देशक सगळ्यांत शेवटी. चिडलेल्याला "का चिडलास?" विचारण्याआधी "किती तास जागा होतास?" विचारा.

## टप्पा ६: रुजू झाल्यावर

या घटकाची लेखी परीक्षा घ्यावीच लागत असेल तर प्रश्नपत्रिकेत कोरी डायरी आणि एक प्रसंग द्या. पर्यायी प्रश्नांत सगळेच सद्वर्तनी निघतात.

ठाण्यात रुजू झाल्यापासून ३० आणि ९० दिवसांनी निर्देशकाने प्रत्येकाला दहा मिनिटांचा फोन करायचा. साप्ताहिक सुट्टी गेल्या चारपैकी किती मिळाल्या? डायरीला न घेण्यासारखे काय सांगितले गेले? कुणाला रोखले, किंवा रोखायला जमले नाही? प्रशिक्षणातले काय तिथे लागू पडले नाही? ठाण्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव विचारायचे नाही, उत्तरे प्रभारींकडे पाठवायची नाहीत. त्यातले प्रसंग ओळख पुसून पुढच्या तुकडीच्या रात्रीच्या सरावात घाला.